पहिलीच्या बाईंची रेघ

शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण बाजारात कुणी नुसतं 'बाई' म्हणालं की पहिलीच्या बाईच डोळ्यांपुढे येत. त्यांच्या हाती पहिलीचा वर्ग आला तेव्हा त्यांच्या डोक्यात पांढरा केस शोधून सापडला नसता, आणि आता काळा शोधावा लागे. मधल्या काळात शाळेचा रंग बदलला, पुस्तकं बदलली, इतर बाई वरच्या वर्गांना गेल्या, काही दुसऱ्या गावी गेल्या. पहिलीच्या बाई पहिलीतून हलल्या नाहीत. औषधाच्या दुकानात त्या गेल्या की दुकानदार उठून उभा राही, कारण त्याचा पहिला 'अ' बाईंनी त्याचं बोट धरून गिरवून घेतलेला होता. बँकेतला कारकून त्यांच्यासमोर सही करताना अजूनही पाठ ताठ करून बसे.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'फूटपट्टी' म्हणत, आणि तेही तोंडावर. बाई फळ्यावर शब्द लिहीत, मग खडू शब्दाच्या डाव्या टोकाला टेकवून डोक्यावरची रेघ एका दमात उजवीकडे नेत. ती रेघ कधी थरथरली नाही, कधी खाली उतरली नाही. रेघ काढताना त्या मुलांना सांगत, "अक्षरं म्हणजे घरातली माणसं. एका घराला एकच छप्पर." मुलंही मान हलवून छप्पर घालत. सहा वर्षांच्या मुलाला व्याकरण कळत नाही, पण घर कळतं. कुठे एक शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे त्या वर्गातल्या मुलांना छपरांवरून कळे.

दुखणं एका दिवसात आलं नाही. आधी उजव्या खांद्यात एक बारीक ठणका असायचा, फळा पुसून झाल्यावर. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या शाळेत दुखण्याकडे लक्ष देणारं कुणीच नव्हतं, कारण दुखत नाही असंही कुणी नव्हतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत खडूचा आणि बामचा वास एकत्र येई. मुलांच्या बुटक्या बाकांवर दिवसभर वाकून पाटी बघायची, मांडीएवढ्या उंचीच्या टेबलावर वह्यांचे ढीग तपासायचे, ते ढीग कडेवर घेऊन जिने चढायचे, आणि बाकी वेळ उभं राहायचं. चौथीच्या बाईंच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा दिला होता. त्या तो रस्त्याने लावून येत आणि शाळेच्या फाटकाशी काढून पिशवीत टाकत. एकदा त्या विसरल्या, तर एक पोरगं शेजारच्याला म्हणालं, "बाईंची मान डब्यात ठेवलीय." तेव्हापासून पट्टा फाटकाच्या आत आला नाही.

ठणक्याचं दुखणं झालं आणि दुखण्याची अडचण झाली. सकाळी कपडे घालताना उजवा हात आधी बाहीत सरकवायचा, मग बाकीचं अंग त्याच्यामागून न्यायचं, हे बाई आपोआप शिकल्या. वरच्या फळीवरचा चहाचा डबा खाली ओट्यावर आला. शेवटी अंबाडा घालता येईना, तेव्हा नवऱ्याला हाक मारावी लागली.

नवरा बसचा कंडक्टर होता, आता निवृत्त झालेला. जन्मभर हलत्या गाडीत उभा राहून त्याचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. तो खुर्चीमागे उभा राहून केसांशी झटापट करी.

"अगं, धरले की सुटतात आणि सोडले की गुंततात. हे केस आहेत की प्रवासी?"

"अहो, ओढू नका. तिकीट नाही फाडायचंय."

"मग मान सरळ ठेव. चला, पुढे सरका, मागे जागा आहे."

अंबाडा दुपारपर्यंत सुटायचा. एका रविवारी बाई गेल्या आणि केस मानेपर्यंत कापून आल्या. नवरा पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "बरी दिसतेस." मग बराच वेळ त्याने पान उलटलं नाही.

शाळेत चौथीच्या बाई म्हणाल्या, "काय हो फूटपट्टी, सिनेमात जाणार वाटतं?"

"हो. आजीचं काम आहे. बसल्या जागी करायचंय."

सगळ्या हसल्या. केस का कापले हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

सांगितलं नाही याला कारण होतं. चित्रकलेच्या बाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी सरळ जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. स्वभावाने मऊ. त्यांनी लगेच चित्रकलेच्या बाईंना तळमजल्यावरच्या साहित्याच्या खोलीत बसवलं, तेही तात्पुरतं, विश्रांती म्हणून. जिने चढायला नकोत. ते तात्पुरतं तसंच राहिलं. चित्रकलेच्या बाई गुंडाळलेले नकाशे, खडूची खोकी आणि तुटक्या पृथ्वीगोलांमध्ये बसत. एखादं मूल नकाशा न्यायला आलं की त्याला शेजारी बसवून घेत, हे काय ते काय विचारत राहत, आणि मग वर्गातून दुसरं मूल पहिल्याला शोधायला येई. त्यांना कुणी वाईट वागवलं नव्हतं. उलट फारच प्रेमाने वागवलं होतं. पहिलीच्या बाईंना भीती वाटली ती त्याच प्रेमाची.

खांदा दाखवायला त्या गेल्या, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती. तिने बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"काकू, हात वर करा."

हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला आणि थांबला. मुलीने कोपराला हात लावून किंचित उचलायचा प्रयत्न केला, तशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खांदा आखडलाय. बराच. किती वर्षांपासून हे काम करताय?"

"कसलं काम? मी शिक्षिका आहे."

"तेच विचारतेय. फळ्यावर लिहिताना हात कुठे असतो तुमचा?"

बाईंनी डावा हात उचलून दाखवला. शाळेची ती इमारत पूर्वी मोठ्या मुलांची होती. फळे त्या वेळच्या उंच मास्तरांच्या मापाने भिंतीत बसवलेले. बाईंचा हात नेहमी डोक्याच्या वर असे. वर लिहायचं म्हणजे मागच्या बाकावरच्यांना दिसतं. मुलीने मान हलवली.

"म्हणजे इतकी वर्षं दिवसभर हात वर धरून."

"मी काही हमाली नाही केली, बाळ."

"हमालाला ओझं खाली ठेवता येतं, काकू," ती म्हणाली, आणि आपण जास्त बोललो असं वाटून कागदावर व्यायाम लिहायला लागली. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं हळूहळू चढायचं. खाली वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. वरचं लिहिणं काही महिने पूर्ण बंद. व्यायाम बाईंनी केले. लिहिणं बंद करणं मात्र त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पहिलीचा वर्ग फळ्याशिवाय चालवायचा म्हणजे मोठ्या बाईंना कारण सांगायचं, आणि कारण सांगितलं की साहित्याच्या खोलीत दुसरी खुर्ची.

तेव्हा त्यांनी फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरायला सुरुवात केली. मागची मुलं माना उंच करून बघत, म्हणून त्यांना पुढे खाली बसवलं. अक्षरं कशीबशी निघत. रेघ मात्र निघेना. अक्षर काढताना हात जागच्या जागी वळतो, पण लांब रेघेला अख्खा दंड बाजूला सरकावा लागतो, आणि नेमक्या तिथेच खांद्यात सुरी फिरल्यासारखं होई. एकदा 'पाऊलवाट' लिहिताना रेघ अर्ध्यावरच थांबली. बाईंनी श्वास घेतला, एक पाऊल सरकल्या आणि उरलेला तुकडा काढला. मग हळूहळू तसंच होत गेलं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आखूड रेघ, मग एक पाऊल, मग पुढचं अक्षर. पाऊल टाकल्यामुळे अक्षरांमध्ये फटी पडत, सगळ्या सारख्याच.

पुढे बसलेल्या एका मुलीने ते टिपलं. पहिलीतली मुलं असलं नेमकं टिपतातच.

"बाई, आता सगळ्यांची वेगवेगळी छत्री?"

बाईंचा खडू थांबला. "हात दुखतो म्हणून" एवढे तीन शब्द तोंडाशी आले होते. पण मुलं घरी जाऊन सांगतात, घरचे फाटकाशी बोलतात, आणि फाटकाशी बोललेलं संध्याकाळपर्यंत मोठ्या बाईंच्या टेबलावर असतं.

"हो," बाई म्हणाल्या. "आता अशीच काढायची."

सगळ्या वर्गाने छत्र्या काढायला घेतल्या. सुबक, सारख्या, एकेका अक्षराला एकेक. बाईंनी वर्गातून फेरी मारली आणि कुणाचीही खोड काढता आली नाही. मुलांनी सांगितलं तसंच केलं होतं.

वर्ष संपलं. ती मुलं दुसरीत गेली आणि बाईंना नवी पहिली मिळाली. नव्या मुलांची अजून सुटी अक्षरंच चालू होती, त्यामुळे रेघेचा प्रश्न नव्हता. सुट्टीत खांद्याला थोडा आराम पडला होता. आता सगळं सुरळीत होईल असं बाईंना वाटायला लागलं होतं.

पहिली आणि दुसरीच्या मध्ये लाकडी पडदी होती, वरून उघडी. एका सकाळी पलीकडून हशा आला. मग दुसरीच्या बाईंचा आवाज.

"पुन्हा वाच. तूच लिहिलंयस ना फळ्यावर?"

"मानव," एक मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, "रकर."

"रकर म्हणजे काय रे?"

"माहीत नाही बाई. मानव रकर."

पुन्हा हशा. बाई पडदीच्या अलीकडे 'ग' गिरवून घेत होत्या. त्यांनी मनातल्या मनात ती अक्षरं मांडली. मा, न, व, र, क, र. मुलाला सांगितलेलं वाक्य 'मान वर कर' असणार. त्याने सहा अक्षरं सहा छत्र्यांखाली, सारख्या अंतरावर लिहिली, आणि आता कुठला शब्द कुठे संपतो हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बाईंच्या हातातला खडू मोडला. मुलांना वाटलं, बाईंनी गंमत म्हणून मोडला.

दुसरीच्या बाई म्हणजे कोवळी पोर, नोकरीला लागून थोडेच दिवस झालेली. तीही याच शाळेत शिकलेली. तिच्या 'स'चा खालचा हिसका हुबेहूब पहिलीच्या बाईंचा होता. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस बाई तिची वाट बघत होत्या. ती तक्रार घेऊन येईल, मग काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, पुन्हा बदललं होतं. शेवटी ती मधल्या सुट्टीत चहाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसली, ती ओशाळलेली.

"बाई, माझ्याकडून चूक झाली. मी पहिल्या दिवसापासून मुलांना ओरडत होते, रेघ जोडा म्हणून. मग लक्षात आलं, एकदोन मुलं चुकली असती तर वेगळं. अख्खा वर्ग एकसारखं लिहितोय म्हणजे तुम्ही मुद्दामच शिकवलं असणार."

बाईंनी पेला खाली ठेवला.

"नवी पद्धत आहे ना? आधी सुटी अक्षरं पक्की करायची, मग जोडायची. आमच्या प्रशिक्षणात असं काही तरी होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं. आता मीही तसंच लिहितेय फळ्यावर. मोठ्या बाईंनाही सांगितलं मी."

"अगं पोरी," बाई म्हणाल्या, आणि घंटा झाली.

शाळा सुटल्यावर त्या दुसरीच्या वर्गात गेल्या. खोलीत कुणी नव्हतं. फळ्यावर, अगदी वर, जिथे त्यांचा स्वतःचा हात आता पोचत नव्हता, त्या पोरीच्या अक्षरात एक अख्खं वाक्य होतं. प्रत्येक अक्षरावर सुटी रेघ. तिच्या निरोगी, लांब हाताला एका दमात जी रेघ सहज ओढता आली असती, ती तिने तुकडे करून काढली होती. बाई खालच्या बाकावर बसल्या. बाक इतका बुटका की गुडघे छातीशी आले. आपल्या खांद्याचं दुखणं दुसऱ्याच्या फळ्यावर असं ठळक लिहिलेलं बघायला मिळेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. "शनिवारच्या सभेत तुम्ही सगळ्यांना ती पद्धत समजावून सांगा. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर नवं करून बघता, याचं मला फार कौतुक वाटतं. तुम्ही बरी म्हणालात तर सगळ्या वर्गांना लावू."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"सांगून टाक, पद्धत आहे म्हणून. लोकांनाच हवंय तसं."

"आणि मुलं?"

"मुलं शिकतात गं. तिसरी-चौथीत कुणी ना कुणी सांगेलच. तुझी थोडी वर्षं राहिलीत. तू हात वर करून मोकळी हो."

"अहो, हात वर होत असता तर रडणं कशाचं होतं?"

तो हसला. मग आपण काय म्हटलं ते त्याला उमगलं आणि हसू विझलं. पिशवी बाजूला ठेवून तो म्हणाला, "पहिली गेली तर तू काय करशील?"

पहिलीच्या मुलांना सोडून आपण कुठल्या वर्गापुढे उभ्या आहोत असं चित्र डोळ्यांसमोर आणायचा बाईंनी प्रयत्न केला, तर नुसता नकाशांचा ढीग दिसला.

शनिवारी सगळ्या जणी सातवीच्या वर्गात मोठ्यांच्या बाकांवर बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी बाईंच्या हातात खडू दिला. "लिहूनच दाखवा."

बाईंनी फळ्याच्या खालच्या भागात लिहिलं, मा न व र क र. प्रत्येकावर सुटी रेघ. मग बाजूला झाल्या.

"वाचा कुणीतरी."

"मान वर कर," चौथीच्या बाई म्हणाल्या.

"तुम्हाला वाचता येतं म्हणून. दुसरीतल्या पोराने 'मानव रकर' वाचलं." थोडं हसू झालं. बाई थांबल्या. मग उजवा हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन अडकला आणि तिथेच राहिला. "माझा हात एवढाच जातो. लांब रेघ ओढवत नाही. मी तुकड्या-तुकड्याने काढत गेले आणि मुलांनी ते घेतलं. एका मुलीने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, असंच असतं म्हणून. ही पद्धत नाही. हा माझा खांदा आहे."

दुसरीच्या बाईंचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, "मी तसंच शिकवलं, बाई. तुम्ही मला सांगायचं होतं."

"हो गं. सांगायचं होतं."

"मलाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला चांगली खुर्ची दिली असती."

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. शेवटच्या बाकावर चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या, सभेपुरत्या वर आलेल्या, एकेक पायरी धरून. त्यांच्याकडे कुणीच बघितलं नाही, आणि न बघण्यातच सगळ्यांनी बघितलं. चौथीच्या बाईंनी पिशवी उघडली, मानेचा पट्टा काढला आणि काही न बोलता लावला. या वेळी कुणी हसलं नाही.

"पहिलीला फळा लागतोच," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "मी तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. काही दिवस साहित्याच्या खोलीत..."

"तिथे एकीचीच जागा आहे," मागून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "आणि तीही जास्तच आहे."

"मला दुसरी द्या," पहिलीच्या बाई म्हणाल्या.

"दुसरीलाही फळा आहे, बाई."

"आहे. पण ती मुलं माझ्या हातून बिघडलीत. मी पहिलीत बसून राहायचं आणि या पोरीने माझी चूक निस्तरायची, हे मला बघवणार नाही. ती पहिली घेईल. तिची अक्षरं माझ्यापेक्षा चांगली आहेत आता."

"आणि लिहिणार कसं?"

"खाली लिहीन. फळा खाली आणून द्या. छातीएवढा. मुलांचाही हात पुरेल. वरचं त्यांच्याकडून काढून घेईन."

मोठ्या बाईंनी फळ्याच्या वरच्या कडेकडे बघितलं. फळा खाली घ्या, असं या इमारतीत आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. "सुतार बोलावते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. वर्ग बदलला की बदलला. पुढच्या वर्षी पहिली परत मागायची नाही. मला मुलांची अशी फिरवाफिरव करता येणार नाही."

"नाही मागणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तेच पुन्हा एकदा म्हटलं.

सोमवारी दुसरीत गेल्या तेव्हा मुलांना आश्चर्य वाटलं. काहींना वाटलं आपण पुन्हा पहिलीत आलो, आणि एकाचे डोळे भरले. बाईंनी त्याला जवळ घेतलं. "पुढेच आलायस रे. मीच मागे राहिले होते." मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, गेल्या वर्षी माझा हात दुखत होता, म्हणून मी रेघ तोडून काढत होते, आणि ते बरोबर नव्हतं.

मुलांनी ते सहज घेतलं. छत्रीबद्दल विचारणाऱ्या मुलीने मात्र विचारलं, "मग तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"घाबरले होते."

"कुणाला?"

"मोठ्या बाईंना."

मुलीला हे पटलं. मोठ्या बाईंना तीही घाबरत होती.

खाली आणलेल्या फळ्याच्या वरच्या बाजूला भिंतीत जुन्या जागेचा फिका चौकोन राहिला होता. बाईंनी छातीच्या उंचीवर 'मान वर कर'ची अक्षरं लिहिली, कोपर अंगाशी धरून, शब्दाच्या आत कुठेही फट न ठेवता. खांदा दुखला, पण सोसवेल एवढाच. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली होती की दुखणं बरंच कमी होईल, हात मात्र पूर्वीसारखा वर जाईल असं काही ती सांगू शकत नाही. बाईंनी रेघ काढली नाही. खडू मुलांच्या हातात दिला. एकेकाने यायचं, आधी मोठ्याने शब्द म्हणायचा, आणि मग एका दमात रेघ ओढायची.

पहिल्या मुलाची रेघ डोंगरासारखी झाली. दुसऱ्याची 'मान'च्या पुढे 'वर'मध्ये घुसली, आणि सगळा वर्ग ओरडला, "थांब, थांब." ती पुसून त्याने पुन्हा काढली. बाई बाजूला उभ्या होत्या, हात अंगाशी धरून. ओढायची कशी हे त्यांच्या दंडाला माहीत होतं, पण ते आता तोंडाने सांगावं लागत होतं. खांद्यातून ओढ, मनगटातून नको. श्वास धर. बघ कुठे जायचंय, खडूकडे बघू नको. इतकी वर्षं स्वतः केलेल्या गोष्टीला त्यांनी पहिल्यांदाच शब्द शोधले.

तेवढ्यात पडदीच्या पलीकडून आवाज उठला. लहान लहान गळे एका सुरात म्हणत होते, अ, आ. मधूनच एक गळा मागे राहत होता आणि ती पोर त्याला थांबून घेत होती, अगदी जशी थांबायला हवी तशी. बाई पडदीकडे तोंड करून ऐकत राहिल्या. 'इ'ला सगळी मुलं नेहमी अडखळतात. त्यांना ते आधीच माहीत होतं, आणि तीही मुलं अडखळली.

"बाई," फळ्यापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. खडू शब्दाच्या डाव्या टोकाला टेकवून ती थांबली होती. "बाई, रेघ कुठपर्यंत नेऊ?"

बाईंना पहिल्या वेळी ऐकूच आलं नाही. मुलीने पुन्हा विचारलं, तेव्हा त्या वळल्या.

"शब्द म्हण आधी."

"वर."

"मग 'र'च्या डोक्यावरून ने, आणि तिथे सोड."

मुलीने श्वास धरला.